लक्ष्मीप्रसादची फळी

कल्याणच्या बंदरावर एके काळी सरकारी अजबखाना होता असं सांगितलं, की आजचे कल्याणकरसुद्धा माझ्याकडे संशयाने बघतात. अजबखाना म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मुंबईची मोठी इमारत आणि भुसा भरलेला वाघ येतो. आमच्याकडे वाघ नव्हता. काचेचं कपाट एकच होतं आणि त्याचीही काच तडकलेली. जकातीच्या कचेरीला लागून मिठाच्या गोणी ठेवायची एक जुनी खोली होती. तिला दोन खिडक्या पाडल्या, चुना काढला आणि आत गलबतांच्या वस्तू मांडल्या. मी बंदरावर परवाने लिहिणारा कारकून. त्या खोलीची किल्ली एके दिवशी माझ्या हातात आली आणि पेन्शनीत निघेपर्यंत ती माझ्याच कमरेला राहिली.

कल्पना आमच्या साहेबांची. आगगाडी सुरू होऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली होती. पूर्वी भात, मीठ, लाकूड सगळं खाडीतून जायचं, ते हळूहळू डब्यांतून जाऊ लागलं होतं. धक्क्यावर पूर्वी गलबताला गलबत घासायचं, तिथे आता पोरंबाळं गळ टाकून बसत. साहेबांना याचं फार वाटे. ते मराठी चांगलं बोलत, फक्त क्रियापदाशी त्यांचं जमत नसे. ते मला म्हणाले, "अण्णा, शिडाचं गलबत कसा होता, हे पुढे कोण सांगेल? आपण ठेवू."

आपण ठेवू म्हणजे मी ठेवू, हे मला नोकरीत एव्हाना कळलं होतं.

मग वस्तू जमू लागल्या. पुरुषभर उंचीचा एक लोखंडी नांगर आला. एका अरबी जहाजावरचं लाकडी पेटीतलं होकायंत्र आलं. पाण्याची खोली मोजायची शिशाची गोळी, दोरीसकट, आली. धक्क्यावरच्या म्हाताऱ्या सुताराने गलबतांचे चार नमुने करून दिले, हातभर लांबीचे, डोलकाठ्या आणि शिडं लावलेले. सांभाळायला एवढंच होतं, पण त्याचे वैरी फार. पितळेला चिंच लावून लख्ख करावं, तर खाऱ्या हवेने चार दिवसांत हिरवं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून माशाचं तेल चोपडायचं, ते गलबतांना चोपडतात तेच. त्यामुळे आमच्या अजबखान्याला मासळीबाजाराचा वास. गावातली सभ्य मंडळी उपरण्याचं टोक नाकाला लावून आत येत आणि भिंतीला न टेकता बाहेर जात.

प्रत्येक वस्तूखाली मी बाळबोध अक्षरांत ठळक चिठ्ठी लावली होती. पण बघायला येणाऱ्यांत दहात एकाला वाचता येई. तेव्हा चिठ्ठ्या मीच मोठ्याने वाचून दाखवायचो. माझा आवाज चांगला होता. पुढे पुढे तर चिठ्ठीकडे न बघता सगळं घडाघडा म्हणायचो, भिक्षुकाने संकल्प सोडावा तसं.

येणारी माणसं एकेक नमुना. बाजाराच्या दिवशी ठाकुर्लीकडच्या आगरी बायका टोपल्या रिकाम्या करून परत जाताना आत डोकावत. एकदा त्यांतली एक पुढे आली आणि कनवटीची कुंकवाची पुडी सोडून तिने नांगराला बोट लावलं. बाकीच्यांनी पाठोपाठ तेच केलं.

मी म्हटलं, "अगं बायांनो, हा देव नाही. लोखंड आहे ते."

ती म्हणाली, "नाय कसा? तुफानात गलबताला कोन धरून ठेवतो? तू?"

कुंकू मी पुसायचो, त्या लावायच्या. शेवटी मी पुसणं सोडलं. साहेबांनी तो लाल डाग बघून विचारलं तेव्हा मी गंज आहे म्हणालो. साहेबांना सगळं कळत असावं. ते म्हणाले, "हा गंज फार सुंदर आहे."

ठाण्याचा एक कोळी नाखवा, स्वतःच्या दोन गलबतांचा मालक, नमुन्यांपुढे उभा राहून पोट धरून हसला होता. सुताराने एका नमुन्याचं शीड उलट्या अंगाने बांधलं होतं. "हा वाऱ्यावर सोडला तर सरळ खडकावर जाईल!" असं म्हणत त्याने कपाटात हात घातला आणि माझा आरडाओरडा न ऐकता सगळ्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या. सुतार त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. शीड मात्र अजून त्या नाखव्याने बांधलं तसंच असेल.

अशा गमती सांगायला बसलो तर मासिकाचा हा अंक पुरणार नाही. पण मला सांगायची आहे ती गोष्ट गमतीची नाही. खोलीच्या मागच्या भिंतीवर एक फळी टांगलेली होती, तिची आहे. आता माझं वय झालं, नोकरीतले माझे वरिष्ठ गेले, आणि या गोष्टीत लाज जायची ती आता माझ्या एकट्याचीच. तेव्हा सांगतो.

अजबखाना सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मी बंदरावर नवा होतो. माझं काम सोपं. खाडीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गलबताला कचेरीचा परवाना लागे. त्यात गलबताचं नाव, तांडेल कोण, माणसं किती आणि कोणती, माल काय, हे लिहायचं, वर शिक्का मारायचा. तांडेल म्हणजे गलबत चालवणारा मुख्य. त्या दिवशी आमचे मोठे कारकून ठाण्याला लग्नाला गेले होते आणि कचेरीत मी आणि एक शिपाई, दोघेच होतो.

वैशाख सरत आला होता. सकाळीच जयगडकडचा एक तांडेल परवान्यासाठी आला. धाकू त्याचं नाव. पस्तिशीचा, दणकट, बोलताना सारखा आभाळाकडे बघणारा. गलबत लक्ष्मीप्रसाद, माल भात, माणसं तो धरून पाच. हंगामाची ही त्यांची शेवटची खेप होती. इथला माल जयगडला टाकला की गलबत किनाऱ्यावर ओढायचं आणि पावसाळाभर घरी. मी पाच नावं लिहिली. धाकू, राघो, बाळा, सोनू, आणि सैपाक करणारा विठू. शिक्का मारला. "दुपारच्या ओहोटीला सुटतो," म्हणून तो गेला.

दुपारी मी डबा सोडून बसलो होतो. स्टेशनावरून तार आली. मुंबईहून होती. समुद्रात हवा बिघडली आहे, पुढली सूचना येईपर्यंत कोणतंही गलबत बाहेर सोडू नये.

तार वाचल्यावर पहिला विचार आला तो लक्ष्मीप्रसादचा. कचेरीपासून धक्का दोनशे पावलांवर. पण मध्ये झाडं होती, कचेरीतून धक्का दिसत नसे. शिपाई तारवाल्याला सही देऊन पाणी भरायला गेला होता. बाहेर ऊन असं की जमिनीकडे बघवेना. मी मनाशी म्हटलं, ओहोटी लागली असेल. गेलं असेल ते एव्हाना. आणि मी जेवायला लागलो.

उठून बघितलं नाही. एवढंच केलं मी. किंवा एवढंच केलं नाही.

जेवून, हात धुऊन, सावकाश धक्क्यावर गेलो तेव्हा गलबत खरंच नव्हतं. कधी सुटलं ते मी कुणाला विचारलं नाही. परत येऊन नोंदवहीत लिहिलं : ‘तार पोचण्यापूर्वी गलबत सुटले.’ संध्याकाळी मनात आलं, वसईला तार करावी, खाडीच्या तोंडाशी त्यांना अडवता येईल. पण वसईला तार करायची म्हणजे आपल्याकडची तार कधी आली हे सांगणं आलं. मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. तिसऱ्या दिवशी गावातल्या घरांची कौलं उडाली. आठवड्याने वसईकडच्या कोळ्यांनी एक फळी आणून कचेरीच्या ओट्यावर टाकली. किनाऱ्यावर लागली होती. गलबताच्या मागल्या अंगाची, दोन हात लांब, वर अक्षरं कोरलेली : लक्ष्मीप्रसाद. अक्षरांच्या दोन्ही अंगांना कमळं. मोठ्या कारकुनांनी नोंदवही बघितली, हळहळले, आणि म्हणाले, "तार अर्धा दिवस आधी आली असती तर!" मी मान हलवली.

त्या माणसांची चौकशी करायला कोणी आलं नाही. घरं लांब जयगडच्या खाडीत, इथे कोण येणार, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. जयगडच्या बंदरावर माझ्यासारखाच एक कारकून असणार, त्याला पैशाचं एक कार्ड टाकलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. दोनदा कार्ड लिहिलं आणि दोनदा फाडलं. काय उत्तर येईल याची भीती होती, आणि तू का विचारतोस असं कोणी विचारील, याची त्याहून जास्त.

पुढे साहेबांनी खोली सजवायला घेतली तेव्हा कोठीतली ती फळी त्यांच्या नजरेस पडली. मी त्यांना वहीतली हकीकत सांगितली. ते म्हणाले, "ही मध्ये लावा. आणि लिहा." तेव्हा ती चिठ्ठीही मीच लिहिली. रोज सकाळी खोली उघडली की पहिल्यांदा तिच्यावरची धूळ झटकायची, आणि दिवसातून पाच-सात वेळा येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती मोठ्याने वाचून दाखवायची. दहा-बारा वर्षं मी हे केलं. लोक च् च् करत. काही बायका पदराने डोळे पुसत. मी पुढच्या वस्तूकडे वळायचो. घरी बायकोलासुद्धा मी यातलं अक्षर बोललो नव्हतो. वैशाख आला की मला जेवण जात नसे, आणि ती बिचारी उन्हाळा बाधतो म्हणून कोकमाचं सार करून देई.

एका पौष महिन्यात, अकराच्या सुमाराला, एक जोडपं आत आलं. पुरुष पन्नाशीकडे झुकलेला, केस पिकलेले, अंगात जाड बंडी. बाई ठेंगणी, नाकात मोठी नथ, हातात सुक्या मासळीची पिशवी. मी ती पिशवी बाहेर ठेवायला सांगितली. ती म्हणाली, "आत तर माशाचाच वास येतो हाय!" आणि पिशवी घेऊनच आत आली. त्यांची मुलगी डोंबिवलीला दिलेली होती, तिच्याकडे निघाली होती ती दोघं. मंगळुरी कौलं घेऊन आलेल्या एका गलबतावर हा माणूस खलाशी म्हणून आला होता आणि बायकोलाही बरोबर आणलं होतं. धक्क्यावर कोणीतरी सांगितलं, इथे फुकट बघायला मिळतं.

नांगर, होकायंत्र, नमुने, सगळं मी दाखवलं. तो नुसता हुं हुं करत होता. मग मागच्या भिंतीजवळ गेला आणि थांबला. हात वर करून त्याने फळीवरच्या डाव्या कमळावर बोट ठेवलं आणि पाकळीपाकळीवरून फिरवलं.

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "हात लावू नका हो. मी वाचून दाखवतो."

त्याने हात काढला नाही. "ही कुठं गावली?" त्याने विचारलं.

"वसईकडे. ऐका, वाचतो." आणि मी माझ्या सवयीच्या आवाजात सुरू केलं, "लक्ष्मीप्रसाद नावाच्या गलबताची ही मागल्या बाजूची फळी. तांडेल धाकू. हे गलबत वैशाखातल्या तुफानात वसईच्या बाहेर फुटले. त्यावरील पाचही माणसे बुडाली."

बाई नवऱ्याकडे बघायला लागली. मग खुदकन हसली. "ऐकलाव काय? तुमी बुडलाव!"

तो मात्र हसला नाही. तो खाली उकिडवा बसला आणि फळीकडे मान वर करून म्हणाला, "ह्या पाकळीला माजा हात चुकला व्हता. तवाच बापूस बोलला, चुकार कमळ हाय." मग माझ्याकडे वळून, "मीच धाकू. आमी पाची जण जित्ते घरला आलो. कुनी बुडला न्हाय."

बसायला जवळ काही नव्हतं, मी नांगरावरच बसलो. बाईला वाटलं मला घेरी आली. तिने मडक्यातलं पाणी दिलं. पाणी प्यायलो आणि एकेक नाव विचारू लागलो. ती नावं मला पाठ होती.

"राघो?"

"हाय. गावाला हाय. नातू झाला त्येला."

"बाळा?"

"तोबी हाय."

"सोनू?"

"मुंबईला गिरनीत लागला. समुद्राचं नाव काडीत न्हाय."

"आणि विठू? सैपाक करणारा?"

"विठूदा गेला."

"त्या तुफानात?" मी विचारलं.

"न्हाय, न्हाय. पटकीनं गेला. चार वर्सं झाली. घरात, हातरुनावर."

मग त्याने तुकड्यातुकड्यांनी सगळं सांगितलं. वसईच्या बाहेर पडल्यावर डोलकाठी मोडली. गलबत पाणी घेऊ लागलं, तेव्हा पाच जण बरोबरच्या होडक्यात उतरले. दोन दिवस तसेच वाहत गेले. एका कच्छी जहाजाने त्यांना उचललं. ते जहाज दक्षिणेला चाललं होतं, त्याने पुष्कळ खाली नेऊन सोडलं, आणि तिथून चालत, मागत-मागत पाच जण गावी आले. कल्याणला कळवायचं त्यांना कशाला सुचेल? परवाना लिहिणारा एक कारकून आपल्याला मेलेलं समजून बसलाय, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मला रडू आलं. बाहेरून कोणी बघितलं असतं तर या दोघांनी कारकुनाला मारलं असंच वाटलं असतं. एवढं सुख मला मुलगा झाला तेव्हाही झालं नव्हतं. आणि त्या सुखाच्या भरात मी जे कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. तार. डबा. ऊन. नोंदवही.

धाकू ऐकत होता. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "तार आली तवा तुमी जेवीत व्हता?"

"हो."

"आमीबी जेवीत व्हतो. धक्क्यावरच. विठूदानं भात उतरवला व्हता. ओहोटी लागायची व्हती अजून."

म्हणजे ते तिथेच होते. मी जेवत होतो आणि दोनशे पावलांवर तेही जेवत होते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की कदाचित ते सुटले असतील. ते ‘कदाचित’ त्याने एका वाक्यात काढून घेतलं.

बाई आता हसत नव्हती. ती पिशवी खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "मी एकवीस दिस वाट बघत बसले व्हते," ती म्हणाली. "लोक बोलले, बांगड्या फोड. मी बोलले, मडं दावा, मंग फोडते. एकवीस दिस. आनि ह्ये घरला आले त्ये आले, पन गलबत गेलं म्हनून मालकानं पुना तांडेलकी दिली न्हाय. आज दुसऱ्याच्या गलबतावर दोऱ्या वडतात. ह्या वयात."

मी मान खाली घातली. क्षमा मागावी असं मनात आलं. पण माझ्या क्षमा मागण्याचं तिला काय करायचं होतं?

धाकू म्हणाला, "जाऊ दे गो."

"कशाला जाऊ दे? जित्त्या मानसाला मेला लिवलाय भितीवर. येनारा-जानारा वाचतो." मग मला म्हणाली, "तुमी काय करनार त्ये तुमच्यापाशी. पन ती चिठी खरी करा. माज्यासमोर."

मी दौत-लेखणी आणली. जुनी चिठ्ठी काढली, तिची खळ इतकी मुरली होती की चाकूने खरवडावी लागली. नव्या कागदावर लिहिलं : ‘हे गलबत वसईच्या बाहेर फुटले. त्यावरील पाचही माणसे वाचून सुखरूप घरी पोचली.’ ते वाचून दाखवलं. ती मान हलवून ठीक म्हणाली. पण लेखणी माझ्या हातातच होती. तिने सांगितलं नसताना मी खाली आणखी लिहिलं : ‘गलबत सुटण्यापूर्वी वादळाची तार कचेरीत आली होती. कारकुनाने ती धक्क्यावर पोचवली नाही.’ आणि तेही वाचून दाखवलं.

धाकू दचकला. "आवो, उद्या सायेब वाचंल ना!"

"वाचू दे," मी म्हणालो.

त्या दोघांना मी जेवायला घरी नेलं. बायकोला दारातच सगळं सांगावं लागलं, कारण तिने ही माणसं कोण ते विचारलंच. वाढताना तिने धाकूच्या बायकोला आग्रह कर-करून वाढलं, आणि निघताना तिची ओटी भरली. खणाबरोबर आपलं स्वतःचं एक चांगलं लुगडं दिलं. संध्याकाळी मला म्हणाली, "इतकी वर्षं कोकमाचं सार उगीच प्यायलात."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चिठ्ठी वाचली. मला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"अण्णा, हा कारकून कोण आहे?"

"मी, साहेब."

"नोंदवहीत दुसरा लिहिला आहे."

"तेही मीच लिहिलं. खोटं लिहिलं."

सरकारी वहीत खोटी नोंद म्हणजे नोकरी जाण्याजोगा गुन्हा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. घरी बायको, तीन मुलं, म्हातारी आई. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मला भीती अशी वाटतच नव्हती. पाच माणसं मेली नव्हती. याहून वाईट आता काय होणार होतं?

साहेब म्हणाले, "चिठ्ठीतला पहिला भाग राहील. दुसरा काढा. अजबखान्यात गलबत दाखवतात, कारकून नाही. कारकून वहीत दाखवा." त्यांनी नोंदवही काढायला लावली. माझ्या जुन्या नोंदीवर मी तांबड्या शाईने रेघ ओढली आणि बाजूला खरं काय ते लिहून सही केली. साहेबांनी वर हकीकत कळवली. चौकशी झाली. माणसं जिवंत असल्यामुळे आणि मी आपणहून सांगितल्यामुळे नोकरी वाचली. शेरा बसला आणि बढती राहिली ती राहिलीच. मी कायमचा दुय्यम कारकून झालो. माझ्याहून धाकटे लोक माझे वरिष्ठ होऊन आले आणि मी त्यांना उठून नमस्कार करत राहिलो. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटायचं. पण वैशाखात जेवण जाऊ लागलं.

साहेबांनी आणखी एक केलं. धक्क्यावर एक खांब रोवून घेतला. तार आली की तिथे तांबडं निशाण चढवायचं आणि नगारा वाजवायचा, मग कारकून जेवत असो की झोपलेला असो.

पेन्शनीत निघाल्यावर मी एकच हट्ट केला. जयगडला जायचं. तीस वर्षं मी गलबतांना परवाने दिले, पण समुद्रात पाऊल घातलं नव्हतं. मुंबईहून आगबोटीने निघालो आणि अलिबाग मागे पडायच्या आत पोटातलं सगळं बाहेर काढून मोकळा झालो. शेजारच्या कोकणी म्हाताऱ्याने विचारलं, "पयल्यांदाच काय?" मी मान हलवली. त्याने विचारलं, "धंदा काय तुमचा?" मी म्हणालो, "बंदरावर होतो." तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

माझं कार्ड मिळून धाकू होडी घेऊन आगबोटीपाशी आला होता. आता म्हातारा झाला होता. त्याच्या बायकोने मला बघून ओळखीचं हसू दिलं, एवढंच. तिने मला माफ केलं की नाही हे तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जेवायला मात्र सुरमई केली होती, आणि मी खात नाही म्हटल्यावर वेगळ्या चुलीवर वरणभात.

दुपारी धाकूने मला किनाऱ्यावर नेलं. चार-पाच माणसं एक होडी पाण्यातून वर ओढायच्या खटपटीत होती. त्यांतल्या दोघांकडे बोट दाखवून धाकू म्हणाला, "ह्यो राघो. ह्यो बाळा."

मी दोघांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं ही नावं मनात म्हणत आलो होतो. राघो बुटका निघाला, बाळाला एका कानाने ऐकू येत नव्हतं. मला वाटलं होतं राघो उंच असेल. डोळे भरून आले.

धाकू त्यांना म्हणाला, "ह्ये कल्यानचे कारकून. ह्येंनी आपला परवाना लिवला व्हता. लक्ष्मीप्रसादचा. तारेची गोष्ट बोललो व्हतो, बघ."

राघोने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. खूप आठवायचा प्रयत्न केला बिचाऱ्याने.

"कुठला कारकून?" तो म्हणाला. "मला न्हाय आठवत. लिवला आसंल." मग मागे वळून त्याने ओल्या दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "हुबे कशाला ऱ्हायलाव? धरा हे. भरती यायच्या आत वर घ्यायची हाय."

मी पायातले जोडे काढले, धोतर खोचलं आणि दोर धरला. बाळाने हाळी दिली, आणि त्या सगळ्यांबरोबर मीही ओढू लागलो.